बसल्यावर दिसतं ते

"अगं उभी राहा ना, पेद्दम्मा! बसू नकोस!"

मी ओरडले खरी, पण तोवर राजव्वानं एक हात गुडघ्यावर टेकून कॉलेजच्या गार फरशीवर बैठक मारलीसुद्धा. डोळ्यांवर काळा हेडसेट, डोक्यामागून लोंबणारी जाड वायर आणि दोन्ही हात मांडीवर. चाळीस वर्षं बिड्या वळलेले हात ते. समोर सूप नाही, तंबाखू नाही, तेंदूचं पान नाही, तरी बोटं आपली वळायच्या तयारीत.

"काय झालं एवढं ओरडायला?"

"काही नाही. काय दिसतंय ते सांग."

"भिंत."

"आणि?"

"आणि काय? इकडं भिंत, तिकडं भिंत. मगाशी झाड होतं ते कुठं पळवलंस?"

मी कॉम्प्युटरकडे बघितलं. हेडसेट घातलेल्या माणसाला आम्ही कॉम्प्युटरवर रचलेल्या इमारतीच्या आत जे दिसतं, तेच बाहेर आमच्या पडद्यावर दिसायचं. पडद्यावर विटा होत्या. नुसत्या विटा, एकावर एक, आणि अगदी वरच्या कडेला बोटभर आभाळ. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला आमची ज्यूरी, म्हणजे परीक्षकांपुढची शेवटची परीक्षा, होती.

आठ वर्षं झाली याला. तेव्हा मी सोलापूरच्या एका आर्किटेक्चर कॉलेजात चौथ्या वर्षाला होते. आमच्या गल्लीतून आर्किटेक्चरला गेलेली मी पहिलीच. वडील टॉवेलच्या कारखान्यात, आई बिड्या वळायची, आणि राजव्वा आमची शेजारीण. पेद्दम्मा म्हणजे आमच्या तेलुगूत थोरली आई, मावशीसारखी. आई पानं-तंबाखू आणायला कारखान्यावर गेली की मी राजव्वाच्या सुपाशेजारी. बाराखडी गिरवली तीही तिथंच, तंबाखूच्या वासात शिंकत. आम्ही दोघी तेलुगूतच बोलायचो, इथं मराठीत सांगतेय एवढंच.

त्या वर्षी आमच्या कॉलेजला हॉलंडमधल्या एका कॉलेजाबरोबर जॉइंट स्टुडिओ, म्हणजे मिळून डिझाइन करायचा प्रकल्प, मिळाला. तिकडचा एक विद्यार्थी, इकडचा एक, अशा जोड्या. विषय आमच्या सरांनीच सुचवलेला: बिडी वळणाऱ्या बायकांसाठी कामाची जागा. ते कागदावरचंच काम होतं, बांधणार कोणी नव्हतं. पण हे मी गल्लीत किती वेळा सांगितलं तरी कोणाला पटायचं नाही. एवढे परदेशातले लोक एवढा खटाटोप करतात ते काय उगीच, असं सगळ्यांचं म्हणणं.

माझा जोडीदार येरून नावाचा मुलगा. आम्ही एकमेकांना कधी भेटलो नाही, पण सहा महिने एकाच फाइलमध्ये राहिलो म्हटलं तरी चालेल. मी झोपले की तो काम करायचा. सकाळी उठून मी फाइल उघडावी तर जिना सरकलेला, छताला नवा बाक आलेला. भुताटकीच सगळी. विटांची नक्षी त्यानं प्रोग्राम लिहून काढली होती, प्रत्येक वीट शेजारच्या विटेपेक्षा एवढीशी वळलेली. वर एकसंध लांबलचक खिडकी, बाहेर अंगण, अंगणात कडुलिंब. बघणारा बघतच राहायचा. मी स्वतः बघत राहायची.

आणि ज्यूरीत पहिल्या आलेल्या जोडीतल्या भारतीय विद्यार्थ्याला एक वर्ष तिकडं शिकायला मिळणार होतं. राहणं, खाणं, फी, सगळं त्यांचं. मला ती जागा हवी होती. हवी म्हणजे कशी? इंटरनेटवर रस्त्यांचे फोटो दिसतात ना, त्यात मी त्या गावातून रोज फिरायची. स्टेशनपासून कॉलेजपर्यंतचा रस्ता मला पाठ होता. वाटेत कालव्यावर एक पूल, पुलापलीकडे सायकलींचं दुकान, त्याला निळं दार. आमच्या गल्लीत सायकलवरून जाताना मी मनातल्या मनात त्या पुलावर चढायची. इतकं वेड लागलं होतं.

तर त्या भिंतीचं कसं झालं, ते सांगते. स्टुडिओ सुरू होऊन दुसराच महिना होता. येरूननं विचारलं, "या बायकांच्या कामाची उंची किती धरायची?" मी तेव्हा दुसऱ्याच कशात तरी होते. हँडबुक उघडलं, बसून काम करणाऱ्या माणसाच्या टेबलाची उंची बघितली, पाठवून दिली. त्यानं टेबलाच्या वर खिडकी हवी म्हणून साडेतीन फुटांपर्यंत भिंत चढवली. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या बाईचे डोळे असतात अडीच फुटांवर. हे त्या हॉलंडच्या मुलाला कुठून कळणार? पण मला? मी जन्मापासून सुपाशेजारी बसलेली! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. सॉफ्टवेअरमध्ये तयार माणसं मिळतात, चित्रात पेरायला, ती सगळी उभी असतात, खांद्याला बॅगा लावून. मी दोन दिवस खपून त्यातल्या तीस बायकांना साड्या नेसवल्या होत्या. त्यांना खाली बसवायचं काही मला सुचलं नाही.

"पेद्दम्मा, ऊठ. उद्या असं बसायचं नाही. उभ्यानंच बघायचं."

"उभ्यानं बिडी कोण वळतं गं?"

"वळायचीच नाही. नुसतं फिरायचं, बघायचं, छान आहे म्हणायचं."

"छान नसलं तरी?"

मी तिच्या डोक्यावरून हेडसेट काढला. तिचे केस विस्कटले होते, कपाळावर लाल वळ उठला होता. ती डोळे चोळत माझ्याकडे बघत राहिली.

"हे बघ बिड्डा," ती म्हणाली; बिड्डा म्हणजे लेकरू. "मी अडाणी, मला काय कळतंय. पण आपण दारात का बसतो? येणारा-जाणारा दिसतो, पोरं कुठं खेळतात ते दिसतं. त्या मल्लव्वाला फिट आली तेव्हा समोरच्या दारातून मी बघितली म्हणून धावले. बिडी वळता वळता आडवी झाली ती, आवाजसुद्धा केला नाही. या तुझ्या भिंतीआड असती तर जेवायच्या सुट्टीपर्यंत कोणाला कळलं नसतं."

"बरोबर आहे तुझं," मी म्हणाले. "पण आता बदलता येत नाही. फाइलींना सोमवारीच कुलूप लागलंय."

"कुलूप? मग किल्ली कोणाकडं आहे?"

"तिकडच्या लोकांकडं." आणखी काय सांगणार! सोमवारी पाच वाजता सगळ्या जोड्यांच्या फाइली तिकडच्या सर्व्हरवर बंद झाल्या होत्या. एक वीट इकडची तिकडे करता येत नव्हती.

"माझी एवढी जागा जाईल गं," मी म्हणाले. "मला जायचंय तिकडं. उद्याचा दिवस फक्त उभी राहा."

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "एवढंच ना? राहते की उभी. त्यात काय."

तिला रिक्षात बसवून मी पळत स्टुडिओत परत आले आणि येरूनला कॉल लावला. त्याच्याकडे दुपार होती. तो ब्रेड खात होता, कॅमेऱ्यासमोर, अगदी निवांत. मी सगळं सांगितलं. मल्लव्वाचंही सांगितलं. तो चावायचा थांबला.

"पण हे तर फार महत्त्वाचं आहे," तो म्हणाला. "उद्या आपणच सांगून टाकू. आम्ही सहा महिने चुकीच्या उंचीवरून बघत होतो, आणि एका बाईनं एका मिनिटात दाखवून दिलं. आनेकेला हेच तर हवं असतं."

आनेके म्हणजे त्यांच्या प्राध्यापक, ज्यूरीच्या प्रमुख. त्या वर्षी त्यांनीच नियम काढला होता: भिंतीवर ड्रॉइंगं टांगायची नाहीत, भाषणं करायची नाहीत. ती जागा जो वापरणार, त्या माणसानं ज्यूरीसमोर हेडसेट घालून आत जायचं आणि काय वाटतं ते सांगायचं.

"आनेकेला हवं असतं, पण मार्क कोणाचे जातात?" मी म्हणाले. "चूक असलेलं डिझाइन पहिलं येतं का कधी?"

"येऊ शकतं."

"येऊ शकतं! तुझं काय जातंय रे बोलायला? तू तिथलाच आहेस. तू हरलास तरी उद्या त्याच पुलावरून सायकल मारत घरी जाणार."

मला वाटलं, लाइन गेली.

"येरून?"

"ऐकतोय," तो म्हणाला. "ती तुझ्या ओळखीची आहे, भाषा तुझी आहे. काय करायचं ते तू ठरव. मी मध्ये पडणार नाही."

त्यानं कॉल ठेवला आणि मला अजूनच चैन पडेना. त्यानं भांडायला हवं होतं, निदान मला शिव्या तरी घालायच्या. घरी गेले तर आईनं ताट वाढलेलं, मी दोन घास खाल्ले नि उठले. दारात गेले, परत आत आले, परत दारात. समोर राजव्वा तिच्या उंबऱ्याशी बसून उद्याच्या बिड्या आजच वळत होती, दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी देता यावी म्हणून. मला बघून तिनं हात केला. मी कडी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली. केसांना तेल, अबोलीचा गजरा. आमचे म्हेत्रे सर, ज्यांनी हा स्टुडिओ मिळवण्यासाठी दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं, ते नवा शर्ट घालून दारात उभे होते. त्यांनी तिला वाकून नमस्कारच केला.

"या मावशी, या! आज तुम्हीच आमच्या परीक्षक."

"मी कसली ओ परीक्षक," राजव्वा मराठीत म्हणाली, "सही करायला आत्ताआत्ता शिकले मी." सर खळखळून हसले.

भिंतीवर मोठा पडदा. त्यात एका बाजूला आमचं मॉडेल, दुसऱ्या बाजूला तिकडची खोली. अर्धवर्तुळात आठ-नऊ माणसं बसलेली, मध्ये आनेके, आखूड पांढरे केस, हातात पेन्सिल. येरून अगदी कडेला, अर्धा खांदा चौकटीबाहेर. सरांना तेलुगूचं अक्षर येत नव्हतं. वर्गातली बाकी मुलं पुढच्या खोलीत आपापल्या तयारीत. दुभाषी मीच.

मी राजव्वाला हेडसेट चढवला. कानाशी म्हणाले, "उभ्यानं हं."

"माहीत आहे गं."

ती फिरली. छान फिरली. हात पुढं करून भिंतीला हात लावायला गेली आणि हात हवेत गेला तशी तिकडची माणसं गालात हसली. खिडकीतून झाड बघितलं, छताकडे बघितलं. पडद्यावर आमची ती लांब खिडकी सरकत होती, अंगणात ऊन पडलेलं, कडुलिंबाची सावली हलत होती.

"चांगलं हाय की ओ सर," राजव्वा मराठीत म्हणाली. "हवा लई खेळती ठेवलीय पोरीनं." आत कसली आलीय हवा! माझ्यासाठी म्हणाली ती.

मी भाषांतर केलं. आनेकेंनी मान हलवली, पण काही लिहून घेतलं नाही. मी घड्याळ बघितलं. बारा मिनिटांतली सहा झाली होती. अजून सहाच, मी मनात म्हणत होते, अजून सहाच.

"त्यांना विचारशील का," आनेके म्हणाल्या, "इथं त्या काम कसं करतील?"

मी राजव्वाला तेलुगूत विचारलं, "झाड आवडलं का, म्हणतायत." ती म्हणाली, झाड बरं आहे. मी तिकडं सांगितलं, "त्या म्हणतात, झाडाजवळ बसून काम करायला आवडेल."

"मग करून दाखवतील का? आम्हाला बघायचंय."

मी वायरचा गुंता सोडवायला लागले. काय करावं ते सुचेना. एवढ्यात म्हेत्रे सर पुढे सरसावले. मराठीत म्हणाले, "मावशी, ते म्हणतायत, बिडी वळून दाखवा!" इतक्या उत्साहानं म्हणाले, की त्यांना काही बोलायला माझी जीभ उचलेना.

राजव्वा घुटमळली. हेडसेट माझ्या दिशेला वळला, जणू ती माझ्याकडे बघतेय. मग हळूच गुडघ्यावर हात टेकला आणि खाली बसली. बिडी उभ्यानं वळत नाहीत, त्याला ती तरी काय करणार.

पडद्यावरचं झाड गेलं, अंगण गेलं. विटा आल्या.

"बिड्डा," राजव्वा तेलुगूत म्हणाली, "आता बसलेच आहे, तर सांगू का गं त्यांना? मोठी माणसं दिसतात. ऐकतील."

मी "नको" म्हणायला हवं होतं, किंवा "सांग" म्हणायला हवं होतं. मी काहीच म्हणाले नाही. तिला ते होकारासारखं वाटलं असणार.

ती बोलायला लागली. मला वाटलं होतं एक-दोन वाक्यं बोलेल, तर ती बोलतच राहिली. हात हलवून, मध्येच बोटांनी पान गुंडाळल्यासारखं करत. म्हणाली, ही भिंत फार उंच झाली. म्हणाली, आम्ही दिवसभर मान खाली घालून बसणाऱ्या बायका, कधीतरी मान वर केली तर माणूस दिसावं, एवढंच आम्हाला लागतं. मल्लव्वाचं सांगितलं, तिच्या तोंडाला फेस आला होता तो, तिला कांदा हुंगवला तो, आणि ती आज जिवंत आहे हे. म्हणाली, तुम्ही शिकलेली माणसं, झाड दाखवता, झाड चांगलंच आहे, पण उभ्या माणसाला दाखवता. आम्ही बसलेल्या. तुमच्याकडं किल्ली आहे म्हणते पोरगी, तर तेवढी ही भिंत खाली घ्या, हात जोडते. आणि तिनं खरंच हात जोडले, विटांच्या दिशेनं.

म्हेत्रे सरांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाल्या?"

तिकडं सगळे माझ्याकडे बघत होते. आनेकेंची पेन्सिल कागदावर टेकलेली. खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मी काही ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि आपोआप बाहेर पडलं. इंग्रजी तर असं फाडफाड, की जन्मात तेवढं कधी बोलले नव्हते.

"त्या म्हणतात," मी म्हणाले, "की चाळीस वर्षं त्या रस्त्यावर, दारात बसून काम करतात. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्याकडे बघतो. इथं खाली बसल्यावर पहिल्यांदाच त्यांच्याकडे कोणी बघू शकत नाही. उभं राहिलं की झाड दिसतं, बसलं की भिंत कुशीत घेते. त्यांच्या शेजारणीलाही अशी जागा मिळायला हवी होती, असं त्या म्हणतात. त्यांनी हात जोडले, कारण त्यांना फार सुरक्षित वाटतंय."

आनेकेंनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते. शेजारचा म्हातारा त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला, मग मोठ्यानं म्हणाला, "आणि आम्ही वर्षानुवर्षं सगळ्यांना काचा लावत बसलो."

पडद्यावर येरूनच्या नावापाशी हिरवी खूण उमटली. त्यानं माइक चालू केला होता. मल्लव्वाचं त्याला मीच सांगितलं होतं ना, कालच. आता बोलेल, आता बोलेल. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो कीबोर्डकडे बघत होता. मग ती खूण गेली.

आणि टाळ्या सुरू झाल्या. आधी तो म्हातारा, मग आनेके, मग सगळेच. इकडं म्हेत्रे सरांनीही वाजवल्या, डोळे पुसत. मी राजव्वाचा हेडसेट काढला. ती पडद्याकडे बघतच राहिली. एवढी गोरी माणसं, सगळी तिच्याकडे बघून टाळ्या वाजवणारी.

"मी तर अडचण सांगितली गं," ती हळू आवाजात म्हणाली. "मग टाळ्या कशाला वाजवतात?"

"त्यांना पटलं, पेद्दम्मा."

"पटलं? मग भिंत खाली घेतील?"

"घेतील."

तिचं तोंड एवढं फुललं! "बघ," म्हणाली, "आणि तू मला गप्प बस म्हणत होतीस. सांगितलं की ऐकतात माणसं. आपण सांगतच नाही." तिनं पडद्याकडे बघून पुन्हा हात जोडले, तशा टाळ्या आणखी वाढल्या.

आम्ही पहिले आलो. कॉलेजात पेढे वाटले, वर्तमानपत्रात माझा फोटो आला, शेजारी राजव्वा. गल्लीत तर ती आठवडाभर तेच सांगत होती. सूप मांडीवर, हात चालू आणि तोंडही चालू. "साहेब लोकांना मी तोंडावर सांगितलं. भिंत चुकली म्हटलं. एक शब्द उलटून बोलले नाहीत, उलट टाळ्या वाजवल्या." मल्लव्वा खास मला विचारायला आली, किती फूट खाली घेणार म्हणून.

"दीड फूट," मी म्हणाले.

"दीड फुटानं भागेल का गं? दोन घ्यायला सांग ना."

"सांगते," मी म्हणाले. चिडचिड व्हायला लागली होती मला त्या बायकांची, त्यांच्या आनंदाची. बांधणारच नाहीयेत काही, कागदावरचं आहे सगळं, असं एकदा ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. तेवढं खरं बोलायलासुद्धा नंतर मला जमलं नाही. येरूनला मी दोनदा मेल लिहिला. दोन्ही वेळा त्यानं अभिनंदन एवढंच उत्तर पाठवलं.

ऑगस्टात निघाले. निरोपाला सगळी गल्ली दारात. आई रडत होती, वडील बॅगेची दोरी पुन्हा पुन्हा आवळत होते. राजव्वानं माझ्या ओटीत नारळ घातला, मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "तिकडं ती पांढऱ्या केसांची बाई आहे ना, तिला माझा नमस्कार सांग. म्हणावं, आम्हा अडाणी बायकांचं कोणी ऐकत नाही, तू ऐकलंस. राजव्वानं आभार मानलेत म्हणावं. सांगशील ना? विसरू नकोस हं."

"सांगते, पेद्दम्मा."

पोचल्यावर पहिले तीन आठवडे मी आनेकेंना टाळत होते. समोरून येताना दिसल्या की जिन्यानं वर. मग एक दिवस त्यांनी बोलावलंच. त्यांच्या खोलीत भिंतीवर मोठा फोटो होता. आमच्या मॉडेलचा, राजव्वाला बसल्यावर दिसलेला. नुसत्या विटा. म्हणाल्या, "पहिल्या वर्षाच्या मुलांना मी आता पहिला धडा हाच देते. हेडसेट घाला, जमिनीवर बसा, आणि या बाईच्या नजरेनं भिंतीकडे बघा. पूर्वेकडच्या बाईला आडोसा म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकवता येत नाही. इतरही दोन कॉलेजांनी हा पाठ घेतलाय."

मी म्हणाले, छान. खुर्चीवर मला धड बसवेना. मग कुठून कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "राजव्वानं तुम्हाला नमस्कार सांगितलाय. आभार मानलेत."

आनेके उठून उभ्याच राहिल्या. हात छातीवर ठेवला त्यांनी. "माझे? कशाबद्दल?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. दार बंद होतं. मला वेळ होता, कोणी मार्क देणार नव्हतं, जागा तर मिळूनच गेली होती.

"भिंतीबद्दल," मी म्हणाले.

त्यांनी लगेच वही ओढली आणि लिहून घेतलं.